विरजण कोणी लावायचं?

घरात दही कोण लावतं, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही, कारण दही सकाळी असतंच. ज्या दिवशी ते नसतं, किंवा असतं पण त्याला तार सुटलेली असते, त्या दिवशी मात्र घरातल्या प्रत्येकाला दह्याविषयी मत असतं. दूध जास्त गरम होतं, विरजण आंबट होतं, भांडं ओलं होतं, रात्रभर पंखा चालू राहिला. मतं सगळ्यांची आणि हात एकीचा. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेचा कारभार याहून फार निराळा नाही. तिथेही एक उबदार कपाट असतं, ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड राखणारं. त्यात सपाट बाटल्यांमध्ये गुलाबी पाण्याखाली माणसाच्या कॅन्सरच्या पेशी वाढत असतात. पेशींनी खाऊन-पिऊन आम्ल सोडलं की ते पाणी नारिंगी होतं आणि मग पिवळं. पिवळं व्हायच्या आत जुनं काढून नवं घालायचं; पेशी फार दाटल्या तर त्यातल्या थोड्या उचलून दुसऱ्या बाटलीत लावायच्या, म्हणजे चमचाभर विरजण उद्यासाठी बाजूला काढायचं. पेशींना शनिवार-रविवार कळत नाही आणि नाताळची सुट्टीही कळत नाही. हे ज्याला कळतं आणि तरीही रविवारी दुपारी जो लॅबमध्ये असतो, त्याच्या पगाराविषयी हा लेख आहे.

अमेरिकेत या माणसाला 'स्टाफ सायंटिस्ट' म्हणतात. पीएचडी होऊन त्याला पंधरा वर्षं झालेली असतात. तो विद्यार्थी नसतो, पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर काही वर्षं शिकाऊ म्हणून राबणारा, नसतो आणि प्रोफेसर तर नसतोच. त्याच्या हुद्द्याला प्रत्येक विद्यापीठात वेगळं नाव असतं: कुठे सीनियर रिसर्च असोसिएट, कुठे लॅब मॅनेजर, कुठे रिसर्च स्पेशलिस्ट. या नावांची अडचण पुण्यातल्या मावशीला विशेष जाणवते. 'भाचा अमेरिकेत कॅन्सरवर संशोधन करतो' हे वाक्य लग्नाच्या मांडवात छान चालतं. पण 'म्हणजे प्रोफेसर का?' असा पुढचा प्रश्न आला की मावशी श्रीखंडाकडे वळते. मांडवातच आहोत तर उपमाही तिथलीच घेऊ. प्रोफेसर हा यजमान. पत्रिकेवर त्याचं नाव, पाहुण्यांना हात जोडायला तो, फोटोत मधोमध तो. पोस्टडॉक आणि विद्यार्थी ही वाढपी मंडळी, उत्साही, दर पंगतीला बदलणारी. स्टाफ सायंटिस्ट हा आचारी. पाचशे पानांना मीठ किती, हे त्याच्या हाताला माहीत असतं, कागदावर कुठेच नसतं. फरक एवढाच की आचाऱ्याची बिदागी आधी ठरते आणि अर्धी हातात पडते. लॅबमधल्या आचाऱ्याची बिदागी ठरते ती यजमानाला पुढच्या लग्नाचं निमंत्रण मिळालं तर.

हे असं का, ते समजायला पैशाची वाट बघावी लागते, दोन्ही अर्थांनी. १९७१ च्या डिसेंबरात निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली, तेव्हापासून तिथली राष्ट्रीय कर्करोग संस्था, म्हणजे एनसीआय, ही जगातली कॅन्सर संशोधनाची सर्वांत मोठी तिजोरी आहे. आता तिचा वर्षाचा अर्थसंकल्प ७ अब्ज डॉलरच्या वर आहे. विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांना यातला पैसा मिळतो तो मुख्यतः प्रकल्पाला. प्रोफेसर 'आर-०१' नावाच्या अनुदानासाठी अर्ज करतो. उद्दिष्टांना एक पान, संशोधनाच्या बेताला बारा पानं, अक्षर अकरा पॉइंटांहून लहान नको, समास अर्ध्या इंचाहून कमी नको. आपल्या तहसील कचेरीतल्या कारकुनालाही हेवा वाटेल इतकं काटेकोर. अर्ज मंजूर झाला की चार-पाच वर्षांची सोय. या व्यवस्थेला पैसे देण्यासाठी तीन गोष्टी नीट ओळखता येतात. पहिली कल्पना, आणि ज्याला ती सुचली तो माणूस. दुसरी शिकाऊ माणूस. त्याच्यासाठी शिष्यवृत्त्या आहेत, फेलोशिपा आहेत, त्यांचे तक्ते दरवर्षी छापले जातात. तिसरी गोष्ट म्हणजे यंत्र. यंत्रासाठी 'एस-१०' नावाचं वेगळं अनुदान आहे. त्यातून लाखो डॉलरचा सूक्ष्मदर्शक किंवा पेशी मोजणारं-निवडणारं यंत्र घेता येतं. ते चालवणाऱ्याचा पगार मात्र त्यातून देता येत नाही, तो तुमचा तुम्ही बघायचा. आमदार निधीतून रुग्णवाहिका आली, फीत कापली, बाजूला मोठ्या अक्षरात नाव रंगवलं आणि मग लक्षात आलं की ड्रायव्हरची जागा मंजूरच नाही, हा प्रकार आपल्याकडच्या तालुक्यांनाच ठाऊक आहे, असं कुणी समजू नये. सतरा लुगडी तरी भागूबाई उघडी.

आता कुणी म्हणेल, हातांचं एवढं काय कौतुक? कृती लिहून ठेवली की कुणीही करेल. विज्ञान म्हणजेच ते, जे कुणीही केलं तरी सारखंच येतं. तत्त्व म्हणून हे निर्विवाद आहे. 'साहित्य आणि कृती' वाचून अनारसे करायला बसलेल्या माणसाची या तत्त्वावर जेवढी श्रद्धा असते, तेवढी आपणही ठेवू. पण कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत मीना बिसेल यांची लॅब आणि बॉस्टनमध्ये कॉर्नेलिया पॉल्याक यांची लॅब, दोन्ही स्तनाच्या कॅन्सरच्या अभ्यासात नावाजलेल्या, एकत्र काम करायला निघाल्या तेव्हा काय झालं ते पाहण्यासारखं आहे. काम तसं प्राथमिक होतं: स्तनाच्या ऊतीचा तुकडा विकरांत विरघळवायचा, पेशी सुट्ट्या करायच्या आणि यंत्रातून त्यांची प्रतवारी करायची. दोन्हीकडची कृती एक, रसायनं एक, यंत्रांची जातकुळी एक. निकाल मात्र जुळेनात. यंत्रं तपासली, रसायनं तपासली, नमुन्यांची अदलाबदल केली. वर्षाहून अधिक काळ गेला. शेवटी दोन्हीकडचे प्रत्यक्ष काम करणारे, कर्ट हाइन्स आणि यिंग सू, एकाच टेबलाशी शेजारी-शेजारी उभे राहिले आणि सुरुवातीपासून एकेक पायरी एकमेकांसमोर करून दाखवू लागले. तेव्हा उलगडा झाला. एका लॅबमध्ये ते मिश्रण काही तास जोरात घुसळत होते, दुसरीत कितीतरी जास्त वेळ हळुवार हलवत ठेवत होते. घुसळणं आणि हलवणं, एवढाच फरक. ज्या भाषेत ताक घुसळतात, आमटी ढवळतात, कढी हलवत राहतात, सरबत विसळतात आणि पिठलं घोटतात, त्या भाषेत हा गोंधळ पहिल्या दिवशी मिटला असता, असा दावा करण्याचा मोह होतो. पण खरी गंमत वेगळी आहे. दोघांनीही कृतीत काहीच लपवलेलं नव्हतं. आपण जे रोज करतो त्यात सांगण्यासारखं काही आहे, हेच कुणाला वाटलं नव्हतं. हा सगळा प्रकार त्यांनी २०१४ मध्ये 'सेल रिपोर्ट्स' या नियतकालिकात शोधनिबंध म्हणून छापला. घुसळण्यावर शोधनिबंध! पण त्या वर्षातला तो सर्वांत उपयोगी निबंध असेल, असं माझं मत आहे.

विरजणाची गोष्ट याहून करुण आहे. १९५१ मध्ये बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गाठीचा तुकडा जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये आला. त्याचे बारीक तुकडे करून नळ्यांत लावले ते मेरी क्युबिचेक या तरुण सहायिकेने; नावातली दोन आणि आडनावातली दोन अक्षरं घेऊन नळ्यांवर 'हेला' लिहिलं तेही तिनेच. या पेशी थांबेचनात. गाय यांनी त्या मागेल त्याला दिल्या आणि बघता बघता जगभरच्या लॅबांत हेलाचं विरजण पोचलं. चांगलं विरजण शेजारच्या दुधातही पडतंच. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिलं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अठरा पेशीवंशांत प्रत्यक्षात हेलाच आहे. लोक नाराज झाले आणि पुन्हा कामाला लागले, त्याच बाटल्या घेऊन. 'एमडीए-एमबी-४३५' या पेशीवंशाची कथा तर नाटकात शोभेल. १९७० च्या दशकात तो स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण स्त्रीकडून घेतला गेला, असं नोंदीत होतं. त्यावर शेकडो शोधनिबंध निघाले. २००० च्या सुमारास जनुकांवरून शंका आली आणि पुढे तपासात पक्कं झालं की बाटलीत आहे तो 'एम-१४', त्वचेच्या कॅन्सरचा वंश, आणि मूळ रुग्ण पुरुष. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, आणि इथे तर सोनुबाईचा सोनोपंत निघाला. अशा चुकीच्या ओळखीच्या पेशीवंशांची एक आंतरराष्ट्रीय यादी ठेवली जाते, तिच्यात पाचशेहून जास्त नावं आहेत. ओळख पटवायची चाचणी आज अवघड नाही, महागही नाही. पण ती कुणीतरी आठवणीने लावावी लागते, जसं कुणीतरी आठवणीने गॅसचं बटण बंद करतं. पाच वर्षांनी निघून जाणाऱ्या माणसाला उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधल्या तळाच्या डब्यावर अर्धवट पुसलेल्या शाईत काय लिहिलंय, याची काळजी असण्याचं कारण नसतं. तो स्वतः फक्त वरच्या कप्प्यापुरता राहायला आलेला असतो.

जाता जाता एक आपल्या घरचा धागा सांगायला हवा. याच गाय यांच्या बॉल्टिमोरच्या लॅबमध्ये पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी पीएचडीनंतर काम केलं. परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली ऊतीसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा उभी केली. म्हणजे विरजण लावायची विद्या तिकडून इकडे आली ती निबंधांच्या गठ्ठ्यातून नव्हे, हातांतून आली. ते केंद्र आता खारघरला 'अ‍ॅक्ट्रेक' म्हणून उभं आहे आणि अणुऊर्जा खात्याखालच्या या व्यवस्थेत 'वैज्ञानिक अधिकारी' आणि 'वैज्ञानिक सहायक' अशी पदं आहेत, निवृत्तीपर्यंतची. पण प्रकल्पांवर काम करणाऱ्यांची स्थिती आपल्याकडेही काही वेगळी नाही. त्यांच्या जाहिरातींत पद तात्पुरतं, प्रकल्प संपताच संपुष्टात येणारं, आणि मुलाखतीला यायचं ते स्वखर्चाने.

अमेरिकेत ही शिकाऊ हातांवरची भिस्त एवढी का वाढली, याचं उत्तर बरंचसं हिशेबात आहे. १९९८ ते २००३ या पाच वर्षांत तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा (एनसीआय त्यांतलीच एक) अर्थसंकल्प दुप्पट झाला. पैसा दुप्पट झाला की माणूस जे करतो ते विद्यापीठांनी केलं, म्हणजे घर वाढवलं. नव्या इमारती, नव्या लॅबा, आणि त्या भरायला विद्यार्थी. पुढे पैसा वाढायचा थांबला, महागाई थांबली नाही आणि प्रत्येक प्रोफेसर आपल्या कारकिर्दीत डझनावारी पीएचडी तयार करत राहिला. त्यातल्या प्रत्येकाला प्रोफेसर व्हायचं तर दर पिढीत लॅबांची संख्या डझनपट व्हायला हवी. हे गणित चिट फंडाच्या एजंटालाही सांगताना संकोच वाटेल. २०१४ मध्ये ब्रूस अल्बर्ट्स, मार्क किर्शनर, शर्ली टिल्गमन आणि हॅरॉल्ड वार्मस या चौघांनी हे सगळं एका लेखात स्पष्ट मांडलं. यातले वार्मस तेव्हा खुद्द एनसीआयचे संचालक होते, नोबेलविजेतेही. म्हणजे दुकानाच्या मालकानेच काटा चुकतोय असं सांगितलं. उपायांमध्ये त्यांनी सुचवलं की शिकाऊ माणसं कमी करा आणि कायम राहणारे स्टाफ सायंटिस्ट वाढवा. यातून निघाला 'रिसर्च स्पेशलिस्ट अवॉर्ड', सरकारी भाषेत 'आर-५०'. २०१६ मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला.

या आर-५० मध्ये काय मिळतं? पगार. पाच वर्षांपर्यंत, आणि पुढे पुन्हा अर्ज करायची मुभा. परिषदेला जायला थोडा प्रवासखर्च. बाकी काही नाही. रसायनं नाहीत, उंदीर नाहीत, पिपेटची टोकंसुद्धा नाहीत. पण हा पगार प्रकल्पाच्या नावावर नसून माणसाच्या नावावर असतो, आणि एनसीआयची परवानगी घेऊन माणूस दुसऱ्या लॅबमध्ये किंवा दुसऱ्या विद्यापीठात गेला तर तो त्याच्याबरोबर जाऊ शकतो. महाराष्ट्राला हे समजायला सोपं जावं. कुळाने दुसऱ्याची जमीन कसायची, पीक मालकाचं, आणि पाऊस पडला नाही तर आधी कुळाने उठायचं, हा मामला आपण पिढ्यान् पिढ्या पाहिलेला आहे. कूळ कायद्याने कसेल त्याची जमीन केली. आर-५० ची मजल तिथवर जात नाही. जमीन मालकाचीच राहते, पण कुळाच्या पोटाची सोय त्याच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर लागते. मालक बदलला तरी चूल पेटते. एवढंसुद्धा त्या व्यवस्थेत क्रांतिकारक ठरलं, यावरून आधीची कल्पना यावी.

आता या अर्जातली मौज. अर्ज करणारा स्वतंत्र संशोधक नसावा, त्याच्या नावावर दुसरं संशोधन अनुदान नसावं, अशी अट आहे. अटीमागचा हेतू सरळ आहे: प्रोफेसरांनी हाही पैसा नेऊ नये. पण परिणाम असा की, मी फार हुशार आहे, माझ्यावाचून या लॅबचं पान हलत नाही, नव्या पद्धती मी बसवल्या, निबंधांतलं अर्धं काम माझं, आणि तरीही मी स्वतंत्र नाही, होण्याचा विचार नाही, असं एकाच अर्जात समीक्षकांना पटवून द्यावं लागतं. स्वतःचं कौतुक करायचं, पण बेताने. सासूबाईंसमोर सुनेने स्वतःच्या पुरणपोळीविषयी बोलावं तसं. थोडं कमी बोललं तर 'हे तर कुणीही करेल', थोडं जास्त झालं तर 'मग वेगळं घर का करत नाही?' वर प्रोफेसरचं पत्र जोडायचं, आणि त्या प्रोफेसरकडे स्वतःचा एनसीआयचा पैसा असायला हवा. मालकाच्या अनुदानावर विसंबून राहावं लागू नये म्हणून काढलेल्या योजनेत शिरायचं दार मालकाच्या अनुदानातूनच जातं. जातीच्या दाखल्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी जातीचा दाखला, हे चक्र ज्यांनी फिरवलंय त्यांना इथे घरच्यासारखं वाटेल. आणि तरीही हा माझ्या मते त्या तिजोरीतला सर्वांत शहाणपणाने खर्च होणारा पैसा आहे. तक्रार असलीच तर तो फार थोड्यांना मिळतो, ही.

याला आक्षेप आहेत, आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला आपल्या फार ओळखीचा: माणूस कायम झाला की सुस्तावतो. खुर्चीला रुमाल बांधून चहाला गेलेल्या पिढ्यांचा अनुभव पाठीशी असताना हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. पण आर-५० कायमचा नसतो. पाच वर्षांनी पुन्हा तेच समीक्षक, तोच चष्मा. शिवाय या माणसाचं काम असं आहे की सुस्ती एका आठवड्यात दिसते, पिवळ्या रंगात. उलट बाजूला काय आहे, तेही बघावं. बऱ्याच विद्यापीठांत पोस्टडॉकला पाच वर्षांची मर्यादा आहे. पहिलं वर्ष सूक्ष्मदर्शकाची खोली कुठे आहे हे कळण्यात जातं, दुसरं आधीच्या पोस्टडॉकच्या वहीतलं अक्षर लावण्यात. चौथ्या वर्षी हात बसतो आणि पाचव्या वर्षी तोच हात नोकरीचे अर्ज लिहीत असतो. याला 'नव्या रक्ताचा ओघ' म्हणतात. नव्या रक्ताबरोबर नव्या कल्पना येतात हे खरंच आहे. जुन्या चुकाही नव्या कोऱ्या होऊन येतात, एवढीच पुस्ती.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जास्त वजनदार आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तक्त्यात नव्या पोस्टडॉकला वर्षाला ६१,००८ डॉलर होते. पंधरा वर्षं मुरलेल्या शास्त्रज्ञाला अर्थातच जास्त द्यावे लागतात, वर विमा आणि निवृत्तिवेतन. मग एका आचाऱ्याच्या पैशात जवळजवळ दोन वाढपी मिळत असतील तर? तर ते दोघे वर्षभर काय घुसळतात, हे पाहावं लागेल. २०१२ मध्ये ग्लेन बेगली आणि ली एलिस यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की अ‍ॅमजेन कंपनीने कॅन्सरवरची मैलाचे दगड मानलेली ५३ संशोधनं आपल्याकडे पुन्हा करून पाहिली आणि त्यातली फक्त ६ जुळली. इथे प्रामाणिकपणे थांबायला हवं. हे आकडे अनुभवी हात असते तर जुळलेच असते, असं सिद्ध करत नाहीत. बिघाडाला प्रसिद्धीची घाई, निवडक निकाल, अपुरी संख्या अशी बरीच कारणं असतात आणि पन्नाशीचा माणूसही पूर्वग्रहात तरुणाला हार जात नाही. पण एवढं नक्की म्हणता येतं की 'स्वस्त' या शब्दाचा हिशेब पगारपत्रकावर संपत नाही. चुकीच्या बाटलीवर तीन वर्षं काम केलं तर ती तीन वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची? पोळी करपली म्हणून कणीक फुकट जात नाही असं मानणारा हिशेबनीस घरात चालत नाही, सरकारात कसा चालतो?

तरुणांच्या जागा कमी होतील, हे मात्र खरं. स्टाफ सायंटिस्ट वाढले तर त्याच पैशात पीएचडीचे विद्यार्थी आणि पोस्टडॉक कमी घ्यावे लागतील, आणि त्याचा फटका परदेशातून येणाऱ्या मुलांनाही बसेल, ज्यांत आपली मराठी मुलं बरीच असतात. इथे माझी सहानुभूती विभागलेली आहे. पण त्या मुलांपैकी बहुतेकांना पुढे प्रोफेसरची जागा मिळतच नाही, हे त्यांना बोलावताना कुणी सांगत नाही. ज्या वाटेच्या टोकाला दार नाही, तिच्यावरची गर्दी कमी करून मधल्या मुक्कामाला एक बरं घर बांधलं, तर नुकसान नेमकं कुणाचं? प्रवेशाच्या जाहिरातीचं होईल फार तर.

उरला तो आक्षेप प्रशासकांचा: प्रोफेसरने आपल्या अनुदानातून पगार द्यावा, नाहीतर विद्यापीठाने द्यावा, वेगळी योजना कशाला? विद्यापीठाचं उत्तर सोपं आहे. कित्येक वैद्यकीय महाविद्यालयांत खुद्द प्रोफेसरच आपल्या पगाराचा मोठा भाग अनुदानातून आणतो, तिथे आचाऱ्याची काय कथा. विद्यापीठ जागा देतं, वीज देतं, त्याबद्दल प्रत्येक अनुदानामागे आपला वाटा घेतं आणि मनापासून शुभेच्छा देतं. आणि प्रोफेसरच्या अनुदानाचं म्हणाल तर ते आता लॉटरीच्या जवळ पोचलंय. एनसीआय नेहमीच्या आर-०१ अर्जांना एक मंजुरीची रेषा आखते. २०२४ मध्ये ती दहाव्या शतमकावर होती, म्हणजे ढोबळमानाने शंभरात पहिले दहा. २०२५ मध्ये ती चौथ्या शतमकावर आली. दहा आणि चार यांच्या मध्ये जे सहा उभे होते, त्यांच्या कल्पना एका वर्षात वाईट झाल्या नाहीत. पण त्यांच्या लॅबमध्ये आता कुणाला कमी करायचं ही चर्चा होते आणि ती वरून खाली जात नाही. यजमान घर सोडत नाही. विद्यार्थ्याला विभाग सांभाळतो, त्याची पदवी पुरी व्हायची असते. सर्वांत जास्त पगाराचा आणि सर्वांत कमी कागद असलेला माणूस आधी जातो. तो जाताना टेबलावर किल्ल्या ठेवतो, फ्रीजरचा नकाशा ठेवतो, आणि 'तिसऱ्या कप्प्यातलं हलवू नका' अशी चिठ्ठी ठेवतो. का हलवू नये, हे चिठ्ठीत मावत नाही.

योजना मोठी करायची तर समीक्षकांपुढे एक खरी अडचण उभी राहते, हे कबूल करायला हवं. या माणसाचं यश मोजायचं कसं? प्रोफेसरचे निबंध मोजता येतात, विद्यार्थ्याची पदवी दिसते, यंत्राचे तास यंत्रच मोजतं. स्टाफ सायंटिस्टचं सर्वांत चांगलं वर्ष म्हणजे ज्या वर्षी बाटलीत लेबलावर लिहिलं होतं तेच निघालं, उन्हाळ्यात वीज गेली तेव्हा फ्रीजर वितळला नाही, नव्या मुलाने घुसळायच्या जागी हलवायला घेतलं तेव्हा कुणीतरी मागून 'अंहं' म्हणालं. वार्षिक अहवालाच्या नमुन्यात प्रकाशनं, पेटंटं आणि पारितोषिकं यांसाठी रकाने आहेत. त्या 'अंहं'ला रकाना नाही, म्हणून तो दरवर्षी 'इतर' या सदरात एक ओळ लिहितो आणि संपादनात प्रोफेसर ती काढून टाकतो, कारण अहवाल एका पानावर बसवायचा असतो आणि अक्षर अकरा पॉइंटांहून लहान चालत नाही.